काऊबॉय ऊर्फ गुराखी

'काऊबॉय' या शब्दाचं मराठी भाषांतर 'गुराखी' असं होतं. भाषांतर अगदी बरोबर आहे आणि तरीही सगळा घोटाळा तिथंच होतो. काऊबॉय म्हटलं की उंच टाचांचे बूट, कमरेला पिस्तूल, डोक्यावर रुंद काठाची हॅट आणि मावळतीकडं दौडत जाणारा घोडा असं सगळं चित्र डोळ्यांपुढं उभं राहतं. गुराखी म्हटलं की घोट्यापर्यंत शेणानं माखलेले पाय, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. मुलीसाठी स्थळ सुचवताना 'मुलगा टेक्ससला काऊबॉय आहे' असं कुणी सांगितलं तर घरात निदान चौकशी तरी होईल. 'मुलगा मुडशिंगीला गुराखी आहे' असं सांगितलं तर सुचवणाऱ्याला चहासुद्धा मिळणार नाही. वास्तविक दोघांचं काम एकच. दुसऱ्याची गुरं ताब्यात घ्यायची, हिंडवायची, चारायची आणि जितकी नेली तितकी परत आणायची. पण एकाला हॉलिवूड भेटलं आणि दुसऱ्याला मास्तर भेटले.

मास्तरांचं नाव मी उगाच घेत नाही. 'शिकला नाहीस तर गुरं राखायला जाशील' हे वाक्य आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं असे. या एका वाक्यानं गुराखी हा धंदा राहिला नाही, ती शिक्षा झाली. काळ्या पाण्याच्या खालोखालची. आमच्या शाळेत मात्र या धमकीची पंचाईत व्हायची. कारण निम्मा वर्ग शाळेच्या आधी आणि नंतर गुरांमागंच असायचा. एकदा मास्तर असं कडाडल्यावर मागच्या रांगेतला एकजण भाबडेपणानं उठून म्हणाला, "मग आत्ताच जाऊ काय मास्तर? म्हस गाभण हाय, घरात कोण न्हाई."

ही शाळा गडमुडशिंगीची. कोल्हापूरहून हुपरीच्या रस्त्याला लागलात आणि उचगाव मागं टाकलंत की आमचं गाव आलंच. गावाच्या नावातच शिंग आहे, तेव्हा गावाचा गुरांशी पूर्वापार संबंध असलाच पाहिजे असा माझा लहानपणापासूनचा सिद्धांत आहे. इतिहास संशोधकांनी याला पुरावा मागू नये. त्यांच्या पुष्कळ सिद्धांतांना मी मागितलेला नाही.

मी सांगतोय तो काळ १९६५ नंतरच्या चार-पाच वर्षांचा. गावाबाहेर माळ होता. माळ म्हणजे गायरान, सरकारी दप्तरात गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली जमीन. ती कुणाच्याच मालकीची नाही, म्हणून सगळ्यांची. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं त्यालाही या माळाच्या जिवावर एक गाय, एखादी म्हैस, चार शेरडं बाळगता यायची. या माळाचा अनभिषिक्त राजा म्हणजे गावाचा गुराखी. सारं गाव त्याला मामा म्हणायचं, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी असलेली म्हातारी माणसंसुद्धा.

मामा सकाळी न्याहारीच्या वक्ताला वेशीत येऊन हाळी द्यायचा. मग घराघरातून जितराब सुटायचं आणि आपल्या पायानं येऊन कळपात मिसळायचं. संध्याकाळी उलट. कळप वेशीत शिरला की एकेक जनावर आपली गल्ली ओळखून वळायचं आणि आपल्या दारात जाऊन हंबरायचं. परगावचा पाहुणा पत्ता विचारत गावभर हिंडताना मी पाहिलाय; म्हैस कधी पत्ता विचारताना दिसली नाही.

मामाचा पगार म्हणजे सुगीला जनावरामागं ठरलेलं माप जोंधळं आणि रोज पाळीपाळीनं एकेका घरची भाकरी. या भाकरीमुळं मामाला गावाची जेवढी माहिती होती तेवढी तलाठ्यालासुद्धा नव्हती. कुठल्या घरात जावा-जावांचं पटत नाही, कुणाचं जोंधळं संपत आलंय, कुणाच्या घरी सून नवीन आहे, हे सगळं तो भाकरी मोडता मोडता सांगायचा. भाकरी जाड आणि खर्डा तिखट असला की म्हणायचा, "आज घरात भांडाण झालंया. खर्ड्यात राग हाय बघ."

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाचा बिनपगारी मदतनीस असे. "घरात बसून भित्ती उकरण्यापरास जा मामाबरोबर," असा आईचा हुकूमच होता. तिथं पहिल्यांदा कळलं, की मराठीत गुरं नुसती 'राखत' नाहीत, ती 'वळतात'. राखणं सोपं, झाडाखाली बसूनही होतं. सगळा जीव जातो तो वळण्यात. सत्तर-ऐंशी जनावरांपैकी एखादं असं असतंच, की ज्याला समोरचं गवत कधी आवडत नाही आणि शंभर कदमांवरचा ऊस मात्र दिसतो. अशा जनावराच्या गळ्यात लोढणं बांधत. माणसांच्या बाबतीत लोढणं नंतर लग्नात बांधतात, पण कल्पना मूळची गुराख्याची.

मामाला विसापुढं मोजता येत नव्हतं. मी मोजायचो. एकदा एकोणऐंशी यायची, एकदा ब्याऐंशी. मामा एकदा कळपावरून नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "थोरल्या वाड्यातली मोरी दिसंना गा." जाऊन बघावं तर मोरी खरंच ओघळीत बसलेली असायची. मी विचारलं, "मामा, तुला न मोजता कसं कळतंय?" तर म्हणाला, "तू मोजतोस. मी वळखतो." पुढं मी बी.ए.ला इतिहास घेतला, पुष्कळ जाड पुस्तकं वाचली. या दोन वाक्यांतला फरक त्यातल्या बऱ्याच ग्रंथकारांनाही उमगलेला नव्हता.

काऊबॉयला घोडा असतो, तशी आमच्याकडं म्हैस होती. म्हशीवर बसायला शिकावं लागत नाही. उतरायला शिकावं लागतं. तिला ब्रेक असतो, पण तो तिच्या मर्जीनं लागतो आणि बहुधा डबक्याच्या मधोमध लागतो. एकदा ती पाण्यात बसली की दुपार टळेपर्यंत तुम्ही एका बेटाचे मालक.

याच सुमाराला आपल्याकडं 'मॅकेनाज गोल्ड' हा १९६९ सालचा इंग्रजी चित्रपट येऊन तुफान गाजला. संवाद कुणाला कळायचे नाहीत, पण घोडे आणि बंदुका यांना भाषा लागत नाही. कोल्हापुरात तो पाहून आल्यावर मी सगळी गोष्ट मामाला माळावर बसून सांगितली; दऱ्या, सोनं, घोडे, गोळीबार, काही म्हणजे काही सोडलं नाही. मामानं शांतपणे चंची काढली, पान लावलं आणि विचारलं, "हे समदं खरं. पर गुरं कुठं हायती?"

गुरं नव्हती. अख्ख्या चित्रपटात कुणी गुरं राखताना दिसत नव्हतं.

"मग गुराखी कशाचं लेका?" मामा म्हणाला. "समदी सोन्यामागं लागल्यावर वासराला पाणी कोण दावतंय?"

चित्रपटाची परीक्षणं मी नंतर बरीच वाचली. इतकं नेमकं परीक्षण कुठंही वाचलं नाही. कारण खऱ्या इतिहासात गुरं हीच मुख्य गोष्ट होती आणि पिस्तूल ही किरकोळ.

अमेरिकेत आपल्यासारखी पाळीव गुरं मुळात नव्हतीच. कोलंबस १४९३ साली दुसऱ्या खेपेला गेला तेव्हा त्यानं ती पहिल्यांदा जहाजातून नेली. पुढं मेक्सिकोत स्पॅनिश मालकांच्या गुरांमागं जे स्वार हिंडत त्यांना 'वाकेरो' म्हणत. 'वाका' म्हणजे गाय. म्हणजे तोही शब्दशः गुराखीच. फासाची दोरी, उंच खोगीर, रुंद हॅट हे सगळं काऊबॉयनं या वाकेरोकडून उचललं. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्ससच्या माळावर लांब शिंगांची लक्षावधी गुरं मोकाट हिंडत होती आणि तिथं त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. उत्तरेतल्या शहरांत त्याच जनावराला दसपट भाव येई. मधे रेल्वे नव्हती. १८६७ साली कॅन्सासमधल्या ॲबिलीन या स्टेशनावर गुरांचा बाजार उभा राहिला आणि टेक्ससपासून तिथपर्यंत गुरं हाकत न्यायचा धंदा सुरू झाला. दोन-अडीच हजारांचा कळप, त्यामागं जेमतेम डझनभर माणसं, रोजची पंधरा-वीस किलोमीटरची मजल आणि दोन-तीन महिन्यांची वाट. पगार महिना तीस-चाळीस डॉलर. दिवसभर धूळ खायची, रात्री आळीपाळीनं पहारा करायचा आणि गुरं बुजू नयेत म्हणून त्यांना गाणी म्हणून दाखवायची. सिनेमातला हीरो नायिकेला गाणं म्हणतो; खरा काऊबॉय बैलांना म्हणत होता.

चार काऊबॉयांमधला अंदाजे एक तरी कृष्णवर्णीय होता, नुकताच गुलामगिरीतून सुटलेला. सिनेमानं त्यालाही धुऊन पांढरा केला. पिस्तुलाची गोष्ट तर आणखी गमतीची. डॉज सिटीसारख्या गुरांच्या बाजाराच्या गावांत शिरताना पिस्तूल जमा करावं लागे. म्हणजे आपण देवळाबाहेर चपला काढतो तसं.

आणि हे किती वर्षं चाललं? १८७४ साली जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. मोकळ्या माळाला कुंपणं पडायला लागली. रेल्वे टेक्ससपर्यंत आली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या माळावर गुरं बर्फात गाडली जाऊन कळपच्या कळप मेले आणि मोकळ्या माळावरचा धंदा बसला. एकूण मामला वीस-एकवीस वर्षांचा. आमच्या तालुक्यात वाटणीचा एखादा दावा याहून जास्त चालतो! पण तेवढ्यात १८८३ साली बफेलो बिलनं काऊबॉयांची सर्कस काढली, मागून कादंबऱ्या आल्या, त्यामागून सिनेमा आला आणि वीस वर्षांच्या नोकरीला अजरामर पेन्शन सुरू झालं.

आमच्या गुराख्याची सेवापुस्तिका बघा. महाभारताच्या विराटपर्वात कौरव फौजेनिशी येतात कशासाठी, तर विराट राजाची गुरं पळवायला. ती सोडवायला अर्जुन बृहन्नडेचा वेष उतरवून धनुष्य उचलतो. वेषांतर केलेला नायक, गुरांची चोरी, शेवटी तुंबळ मारामारी. याच्यापुढं हॉलिवूडनं नवीन काय केलं? ती कथा म्हणून सोडून देऊ. पण आपल्या गावोगावचे वीरगळ तर दगडाचे आहेत. आमच्या करवीर तालुक्यात कसबा बीडला शिलाहारांच्या काळाची आठवण सांगणारे वीरगळ आहेत. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असे दगड शेकड्यांनी सापडतात आणि त्यांतल्या कित्येकांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना हा माणूस मेला, असा त्याचा अर्थ. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो. नाव बहुधा नसतं. गाईंसाठी मेलेल्या माणसाला गावानं दगड दिला, अप्सरा दिल्या, कैलास दिला. नाव कोरायला मात्र जागा उरली नसावी.

लांबच्या मजलांचं म्हणाल तर तिथंही आपण मागं नाही. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. १८०३ साली आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेचं पोट या बैलांवर अवलंबून होतं. लढाईचा इतिहास लिहिताना तोफा मोजल्या गेल्या. बैल हाकणाऱ्याला कुणी मोजलं नाही आणि मामाच्या भाषेत सांगायचं तर, कुणी 'वळखलं'ही नाही.

आता यातली सगळ्यात मोठी गंमत सांगतो. टेक्ससच्या उन्हात विलायती गुरं टिकेनात. एक तर ऊन आणि दुसरं म्हणजे गोचीड. या गोचिडापासून गुरांना ताप येतो हे थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञानं १८९३ साली सिद्ध केलं. मग तिथल्या रँचवाल्यांना शोध लागला, की हिंदुस्थानातली वशिंडवाली गुरं ऊनही सोसतात आणि गोचिडालाही फारशी दाद देत नाहीत. थोडी गुरं आधी गेलीच होती. १९०६ साली टेक्ससच्या रँचवाल्यांनी मुंबईहून थेट जहाजातून आणखी नेली. यांतून त्यांनी 'अमेरिकन ब्राह्मन' नावाची जात तयार केली आणि १९२४ साली तिची संघटनाही काढली. ब्राह्मणांची संघटना टेक्ससमधे निघाली आणि तिच्या सभासदांना शिंगं होती, ही बातमी त्या वेळी पुण्यात कशी पोचली नाही कोण जाणे!

या ब्राह्मन जातीत मुख्य रक्त चार हिंदुस्थानी वंशांचं : कांक्रेज, गीर, ओंगोल आणि चौथी कृष्णाकाठची, जिला पुस्तकात 'कृष्णा व्हॅली' म्हणतात. काळ्या चिकट रानात नांगर ओढायला दांडगा बैल हवा, म्हणून एकोणिसाव्या शतकात कृष्णाकाठच्या संस्थानिकांनी मुद्दाम जोपासलेली ही जात. आमच्या पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळतं, तेव्हा नातं अगदीच लांबचं नाही. म्हणजे हॅट घालून, घोड्यावर बसून टेक्ससचा काऊबॉय आजही जी गुरं वळतो, त्यांच्यात थोडं रक्त आमच्या शेजारच्या नदीकाठचं आहे. तिकडं त्यांच्या वंशावळीची रजिस्टरं आहेत. इकडं ट्रॅक्टर आले, दांडग्या बैलाचं काम संपलं आणि कृष्णाकाठची ही जात शोधून काढावी लागते इतकी कमी झाली. जनावर परदेशी गेलं त्याचं नाव झालं. जे घरी राहिलं त्याला विचारतो कोण? हे आपण माणसांच्या बाबतीतही पाहतोच.

अमेरिकेत काऊबॉय तारेनं संपवला. आमच्या मुलखात गुराखी कशानं संपला, याचा विचार मी पुष्कळ केला आहे आणि पहिलं नाव जे पुढं येतं त्यापुढं मला हात जोडावे लागतात. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. आता विचार करा, त्या काळी शाळेत न जाणारं पोर दुसरं कुठं असणार? ते गुरांमागंच असणार. म्हणजे आमच्या गुराख्याला पहिला धक्का बसला तो काटेरी तारेचा नव्हे, पाटीचा. गुराखी एका दिवसात संपला नाही. माझ्या लहानपणापर्यंत होता. पण गुरं वळणाऱ्या पोराच्या हातात लेखणी यावी, असं एका राजाला वाटलं. मामा स्वतः शाळेत गेला नाही. त्यानं आपल्या पोराला मात्र काठी कधी हातात घेऊ दिली नाही. मास्तरांची ती धमकी त्यानं घरात स्वतःच वापरली. हे मी जेव्हा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं नाही.

दुसरा धक्का उसाचा. शाहू महाराजांनीच सुरू केलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, नदीवर पंप बसले, पाणी रानोरान फिरलं आणि ऊस माळाच्या कडेपर्यंत येऊन उभा राहिला. ऊस आला की कोंडवाडा आलाच. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या आगळिकीचा खास कायदा केला होता. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं, मालकानं दंड भरून सोडवायचं. जनावराला आरोपी करून मालकाला शिक्षा देणारा असा कायदा मी दुसरा पाहिला नाही. एकदा आमची म्हैस शेजारच्या एका गावच्या कोंडवाड्यात जाऊन बसली. दंड भरायला मी मामाबरोबर गेलो होतो. उसाचा मालक तावातावानं म्हणाला, "म्हस उसात गेलीच कशी?" मामा म्हणाला, "म्हस उसात न्हाई गेली पावनं. ऊस म्हशीच्या वाटंत आला." दंड भरावा लागला. पण इतिहासाची बाजू मामाची होती.

तिसरा धक्का दुधाचा. आणि याला धक्का तरी कसं म्हणावं? १९६३ साली कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला 'गोकुळ', स्थापन झाला. १९७० साली देशात दुधाचा महापूर योजना सुरू झाली. गावोगाव डेअऱ्या निघाल्या. कॅनमधे दूध घातलं की दहा दिवसांनी बिल हातात. ज्या बाईनं जन्मात नोट मोडली नव्हती तिच्या हातात पैसा आला. मग हिशेब बदलला. माळावर दिवसभर हिंडून चार पावलं चालायच्या नादात दूध आटवणारी म्हैस कुणाला परवडणार? ती दावणीला बांधली. वैरण कापून आणायची, उसाचं वाडं घालायचं, पेंड भिजवायची. आणि गंमत अशी, की म्हशीचं हे जेवण शिजवायचा मानही पुढं आमच्याच गावाला मिळाला. संघाचा पशुखाद्याचा कारखाना गडमुडशिंगीतच उभा राहिला. पूर्वी गुरं गवताकडं जात, आता गवत पोत्यातून गुरांकडं येतं. मधला गुराखी गळाला.

गळाला म्हणजे काम गळालं असं मात्र नाही. मामा एकटा ऐंशी जनावरं सांभाळायचा. आता घरटी दोन म्हशी आणि त्यांच्यामागं एक बाई. पहाटे पाचाला उठून शेण काढायचं, शेणी थापायच्या, धार काढायची, डेअरी गाठायची, वैरणीचा भारा डोक्यावरून आणायचा, परत संध्याकाळी तेच. गुराखी पुरुष होता तोवर निदान झाडाखाली डुलकी काढायचा. त्याच्या जागी आलेल्या या गुराखिणीला झाडही नाही आणि डुलकीही नाही. तिच्यावर सिनेमा निघेल असं मला वाटत नाही. नायिकेनं दिवसातून दोनदा शेण काढायचं म्हटल्यावर गाणी कुठं घालणार?

राहता राहिला माळ. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, शेजारच्या उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला होता. पुढं त्याच्या विस्ताराला आमच्या गावचीही जमीन लागली. विमान आलं ते बरं झालं. मीही त्यातून जाऊन आलो. वरून बघताना मी खिडकीतून माळ शोधत होतो. तेवढ्यात हवाईसुंदरीनं पट्टा बांधायला सांगितला आणि गळ्यात लोढणं घातल्यासारखा मी गप्प बसलो. गायरानावर दरम्यान घरं आली. ज्यांना रान नव्हतं त्यांनीच बहुतेक बांधली. त्यांनी तरी जायचं कुठं? २०२२ च्या ऑक्टोबरमधे मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या गायरानांवरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत काढायचा आदेश दिला, तेव्हा सरकारनं कोर्टाला सांगितलेला अतिक्रमणांचा आकडा सव्वादोन लाखांच्या घरात होता. नोटिसा निघाल्या, कोल्हापुरात मोर्चे निघाले. मोर्च्यातल्या माणसांचं म्हणणं मला पटतं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला गवताचं महत्त्व सांगू नये.

पण त्या सगळ्या कागदांत एक हिशेब कुणी मांडलेला दिसला नाही, म्हणून मी मांडतो. बिनजमिनीच्या माणसाची गाय गायरानावर उभी होती. माळ होता तोवर सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाच्या पोरालाही दूध मिळायचं. आज दावणीला जनावर बांधायचं तर स्वतःचं रान हवं किंवा वैरण विकत घ्यायला पैसा हवा. गुराखी गेला याचं मला दुःख नाही. त्याचं पोर शाळेत गेलं, उत्तम झालं. दुःख एवढंच, की गुराख्याबरोबर त्याचा माळही गेला आणि माळाबरोबर गरिबाची गाय गेली. पाटी द्यायला गवत काढून घ्यायची गरज नव्हती. शाहू महाराजांच्या हुकमात तसं कुठं म्हटलेलं नाही.

मामाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्याचा नातू पशुखाद्याच्या पोत्यांचा टेम्पो चालवतो. पायात उंच टाचांचे बूट, अंगात जीन पँट, चामड्याचा रुंद पट्टा. सगळं शेजारच्या गांधीनगरच्या बाजारातलं. काऊबॉयचा पोशाख आमच्या गावात शेवटी पोचला, पण गुरं गेल्यावर. "किती पोती झाली आज?" मी विचारलं, तर मोबाईलमधे बघून म्हणाला, "दोनशे चाळीस." मोजायला तो शिकला आहे.

परवा त्याच्या घरच्या लग्नाची पत्रिका आली. 'गोरज मुहूर्त, सायंकाळी ६ वाजून ३४ मिनिटे' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. गोरज म्हणजे गुरं माळावरून परत येतानाची धूळ. मामाच्या वेळी या मुहूर्ताला घड्याळ लागत नसे. वेशीत धूळ दिसली की भटजी मंगलाष्टकं सुरू करत आणि एखादी म्हैस डबक्यात बसून राहिली तर अख्खं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून थांबे. या खेपेला लग्न अगदी वेळेवर लागलं. बरोबर ६ वाजून ३४ मिनिटांनी मांडवाच्या बाहेरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले आणि धुळीचीही सोय झाली.